माझ्या वाटणीच्या पाच कुंड्या

गिलक्याची भाजी आमच्या घरातून कायमची गेली, ती माझ्यामुळे. हे एक वाक्य लिहायला मला पंचेचाळीस-एक वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर आता वाटतंय, बाई गं, एवढ्यासाठी इतकी वर्षं जीव जाळलास? पण जळायचा तो जळतोच. माय गेली तेव्हा मी चार दिवस तिच्या उशाशी होते. सारा जन्म नर्सची नोकरी केलेली, तिचा श्वास ऐकूनच मला कळलं होतं की आता फार वेळ नाही. ओल्या कापसानं तिचं तोंड पुसत होते, कूस बदलून देत होते, आणि विचारायचं तेवढं विचारत नव्हते. ‘माय, माझ्यामुळे तुझे वेल गेले. तुला माझा राग आला होता का?’ एवढंच. ती गेली आणि प्रश्न माझ्याकडे राहिला.

आता मला सगळ्याचाच कंटाळा येतो. लिहायचाही येतो. खिडकीपाशी टेबल घेतलंय, इथून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. ह्यांनी तिथंच नोकरी केली. निवृत्तीनंतर कॉलनी सोडली, पण चिमण्यांच्या नजरेआड जाणं काही जमलं नाही. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी पुन्हा राखेची पूड. आणि गंमत अशी की ज्या घराची खिडकी पुसते त्या घराच्या विटाही राखेच्याच. कुठल्याशा कॉलेजात कुणीतरी वर्षानुवर्षं ती राख कालवत बसलं असेल, वीट फुटली की पुन्हा कालव, पुन्हा फुटली की पुन्हा, तेव्हा कुठे ही भिंत उभी राहिली. माझ्या उजव्या डोळ्यात बसवलेलं भिंगही असंच कुणाच्या तरी आयुष्याची माती करून सापडलेलं असणार. त्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत, त्यांना माझं नाही. दोन माणसांची मात्र ठाऊक आहेत. त्यांच्याबद्दल कधीतरी लिहायचंच होतं, आणि आता ‘कधीतरी’ म्हणायला फारशी जागा उरलेली नाही.

आमचं गाव रावेरकडचं. जिकडे बघावं तिकडे केळी. घराच्या मागच्या दारातून निघालं की पन्नास पावलांवर आमची बाग सुरू व्हायची, आणि आत शिरलं की दुपारचं ऊन एकदम बाहेर राहायचं. पाटाचं पाणी सोडलेलं असलं की त्याचा एक बारीक आवाज सगळीकडून यायचा, आणि वर वाऱ्यानं फाटलेली पानं एकमेकांवर आपटत राहायची. घरात वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, माय, नानांची थोरली विधवा बहीण अक्का, आणि मी, शकू. नाना फार बोलत नसत. सकाळी कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर तेलाची धार एवढं खाऊन बागेत जायचे ते दिवस कलल्यावर परत. अक्का दोन माणसांचं बोलायची, त्यामुळे घर शांत असं कधी नव्हतंच.

मायचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात एकच होतं. बागेच्या पार आतल्या कोपऱ्यात, जिथं पाट वळतो, तिथं तिनं बांबूच्या मांडवावर वेल चढवले होते. काकडी होती, डांगर होतं, पण खरा जीव गिलक्यावर, कुणी घोसाळं म्हणतात त्यावर. त्याचं बी तिनं बोदवडहून, माहेरून आणलेलं. लुगड्याच्या पदराला बांधून आणलं होतं म्हणे, लग्नानंतरच्या पहिल्या खेपेला. कोवळं गिलकं ती विळीवर चिरायची, लसूण-मिरचीची फोडणी आणि वर दाण्याचा कूट. पावसाळ्यात त्याचीच भजी. जून झालेलं गिलकं वाळवून न्हाणीत अंग घासायला. ‘यातलं काहीच वाया जात नही पाह्य,’ म्हणायची, जणू वेलाचं कौतुक हीच तिची स्वतःची बढाई.

बागेचा एक कायदा होता आणि त्याची राखणदार अक्का. अडचणीच्या दिवसांत बाईनं केळीत पाऊल टाकायचं नाही. पानांवर सावली पडली तरी केळ नासते, असं ती सांगायची. पुरुषांनी तंबाखू थुंकावी, बैलांनी काहीही करावं, त्यानं केळीला काही होत नसे. मला तेव्हा हे विचित्रही वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी तसं होतं. पान केळीचं असावं, पाणी तापीचं असावं, तसा तो नियम होता.

मी तेरा वर्षांची झाले त्या वर्षी जेवायला पानं कापून आणायला मी बागेत गेले होते. श्रावणातला शुक्रवार होता, घरी सवाष्ण जेवायला येणार होती. सहा-सात पानं कापली असतील, आणि मला कळलं की मला काय झालंय. पहिलीच वेळ. मी मटकन खालीच बसले. मग पानं तिथंच टाकून पळावं तर अक्का विचारणार, घेऊन जावं तर त्याच पानांवर सवाष्ण जेवणार. शेवटी पानं पाटात सोडून दिली, आणि मायच्या मांडवाखाली जाऊन रडत बसले. माय शोधत आली. तिनं एका नजरेत ओळखलं. ‘उठ व माय. कोनाले काही सांगू नको,’ एवढंच म्हणाली. दुसरी पानं तिनं स्वतः कापली. माझं पोट दुखतंय असं सांगून मला आतल्या खोलीत निजवलं. चार दिवसांनी अक्काला तिनंच सांगितलं, की पोरगी आज बाहेर बसली. चार दिवसांची लबाडी आम्हा दोघींत राहिली.

महिनाभरात बागेत हरण्या आला. पानांवर आधी फिकट पिवळे पट्टे, मग पान आखडतं, नवा पोगा, म्हणजे गुंडाळीतलं कोवळं पान, आतच सडतो, झाड खुरटून उभं. आमच्याकडे या रोगाला हरण्याच म्हणतात. पहिल्यांदा दोन झाडं, आठवड्यात एक ओळ, मग ओळी. कुणी म्हणालं दीपनगरच्या चिमणीचा धूर, कुणी म्हणालं नजर. नानांनी बांधावर नारळ फोडला, बुंध्याला ताक ओतलं. दिवसेंदिवस आभाळ भरलेलं, पाऊस पडेना की ऊन पडेना, आणि पट्टे पुढेपुढे सरकत होते. मला कारण माहीत होतं ना! बाकी सगळे अंदाज करत होते, मला एकटीला खात्री होती. मी त्या दिवशी बागेत होते. मी सहा-सात पानं या हातानं कापली होती.

एका संध्याकाळी जेवताना अक्का म्हणाली, ‘घरातलंच कोनीतरी शिवलेलं हाये. उगा नही व्हत असं.’ आणि तिनं नजर माझ्याकडे वळवली. तेवढ्यात माय चुलीपाशी बसल्या बसल्या, भाकरी उलटता उलटता म्हणाली, ‘मी गेल्ती.’

‘काबरं गेल्ती तू?’ अक्कानं विचारलं.

‘येलाले पानी घालाले. माह्या ध्यानातच नही राह्यलं.’

नाना हात धुऊन उठले. दारात थांबून, मायकडे न बघता म्हणाले, ‘आता बागात येऊ नको तू.’ बस्स. मारलं नाही, शिवी दिली नाही. गावातल्या बायकांना वाटलं, केवढा देवमाणूस! पण माझ्या मायनं लग्न होऊन आल्यापासून त्या बागेत दिवस काढले होते, निंदलं होतं, बुंध्याशी फुटलेले मुनवे काढले होते, घड उतरवताना खांदा दिला होता. ती आता मागच्या दारात उभी राहून पन्नास पावलांवरच्या बागेकडे बघायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार? तिच्या वेलांना पाणी मी घालू लागले. दर वेळी पाऊल आत टाकताना वाटायचं, आणखी एक ओळ जाणार. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे. मी तेरा वर्षांची होते आणि मला वाटत होतं, माझ्या अंगातच विष आहे.

अशात देवरे सर आले. कृषी विद्यापीठात पुढचं शिक्षण चाललेलं, या रोगावरच. मूळचे धुळ्याचे. सडपातळ, शर्टच्या खिशात भिंग, आणि बोलताना समोरच्यापेक्षा पानाकडे जास्त बघणारे. गावातल्या कुणीच राहायला जागा दिली नाही, कारण रोगाचा माणूस घरात कशाला? नानांनी आपल्या ओट्याची खोली दिली. नानांचं ते एक मला अजून आवडतं. सरांनी ओट्यावर कुंड्या मांडल्या, कुंडीत केळीचं एकेक छोटं रोप, आणि प्रत्येकावर मलमलीचं पातळ कापड ताणून पिंजरे केले. अक्का म्हणाली, ‘केयीले मच्छरदानी! आमच्या पोराईले नही भेटली कधी.’ सर हसले. त्यांनी मला भिंगातून पानाची मागची बाजू दाखवली. राळ्याच्या दाण्याएवढे किडे, मावा. ‘हा इकडचा रस पितो आणि तिकडे जाऊन पितो,’ ते म्हणाले. ‘रोग याच्या तोंडातून जातो, असं आमचं म्हणणं आहे. पण हा आधी कुठल्या झाडावरून येतो, ते मला शोधायचंय. बागेत केळीशिवाय जे जे काही उगवलंय त्याचं एकेक पान मला आणून देशील? पानामागे मावा असलेलं हवं.’

मी दिवसभर हिंडून आणली. तण, चवळी, बांधावरची मिरची. शेवटी आतल्या कोपऱ्यात जाऊन मायच्या गिलक्याचं. तेच सगळ्यांत भरलेलं होतं, मागची बाजू काळी-हिरवी. सर एकदम उठून उभे राहिले. ‘हे कुठून आणलंस?’ मला वाटलं शाबासकी मिळतेय. मी त्यांना हाताला धरून मांडवाखाली नेलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची थोरली बहीण आली, प्रभाताई. धुळ्याला कॉलेजात मराठी शिकवायची आणि बोलीतले शब्द गोळा करायची. भावानं तिला पत्र लिहिलं होतं, की इथं एक बाई आहे, तिचं बोलणं तू ऐकायलाच हवंस. ती बाई म्हणजे माझी माय! अक्काला हे पटेना. ‘हिच्यात काय आयकाचं? आमी तं रोजच आयकतो.’ प्रभाताईजवळ बुटांचा एक रिकामा खोका होता आणि त्यात कागदाच्या चिठ्ठ्या. वर शब्द, खाली तो ज्या वाक्यात आला ते आख्खं वाक्य. ‘शब्द एकटा खुडायचा नाही, शकू,’ मला सांगायची, ‘माणसानं म्हटलं तसा देठासकट घ्यायचा.’ माय केळीला केय म्हणे, डोळ्याला डोया म्हणे. ताई घरात ‘आहे’ला ‘शे’ आणि ‘सगळं’ला ‘बठ्ठं’ म्हणणारी. दोघी एकमेकींची थट्टा करत निवडण-टिपण करायच्या. बागेत जाता येत नव्हतं म्हणून मायकडे वेळच वेळ होता. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं. आपण बोलतो ते कुणी लिहून घेण्यासारखं आहे, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

एका दुपारी मी ताईच्या चिठ्ठ्या लावत बसले होते. माय आत होती. ताईनं सहज विचारलं, ‘शकू, बाईच्या त्या चार दिवसांना तुमच्याकडे काय काय म्हणतात गं?’ तिचं काम होतं ते. मी सांगायला लागले, बाहेर बसणं, कावळा शिवणं, आणि तिसऱ्या शब्दाला मला हुंदका फुटला. मग सगळंच सांगितलं. पानं, मांडव, मायचं खोटं, रात्री. ताईनं चिठ्ठी बाजूला ठेवली. उपदेश केला नाही, की वेडी आहेस असंही म्हणाली नाही. ‘बघू,’ एवढंच म्हणाली आणि पदरानं माझं नाक पुसलं.

तिनं भावाला काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी मला ओट्यावर बोलावलं. दहा कुंड्या वेगळ्या काढल्या होत्या, सगळ्यांत सारखीच निरोगी रोपं. पाच कुंड्यांवर त्यांनी बारीक ब्रशनं गिलक्याच्या पानामागचा मावा उचलून सोडला आणि कापड बांधलं. उरलेल्या पाच माझ्यापुढे सरकवल्या. ‘या तुझ्या वाटणीच्या. यांच्यावर मावा जाऊ द्यायचा नाही. आणि रोज सकाळी कापड उघडून प्रत्येक पानाला हात लावायचा, चांगला वरून खाली.’ मी मान हलवली. ते ब्रश पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘रोज म्हणजे रोज. महिन्यातला एकही दिवस चुकवायचा नाही.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते ब्रशच पुसत होते, केव्हाचा पुसून झाला होता तरी. मला कळलं. तेरा वर्षांच्या पोरीला एका अविवाहित तरुण माणसानं, त्या काळी, त्या ओट्यावर, याहून जास्त काय सांगायचं? पुढे नोकरीत मी कितीतरी डॉक्टर पाहिले, हुशार, नावाजलेले, बाईच्या दुखण्याबद्दल वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलणारे. त्या वेळी मला सर आठवायचे. एवढं नाजूक मला पुढे कुणी काही सांगितलं नाही.

ते चार दिवस आले तेव्हा अक्कानं मला मागच्या पडवीत बसवलं. पहाटे, अक्का न्हाणीत असताना, मी ओट्यावर गेले. माय अंगण झाडत होती. तिनं मला बघितलं, मी कापड उघडताना, हात लावताना. केरसुणी थांबली. मग ती दाराकडे पाठ करून, न्हाणीच्या बाजूला तोंड करून झाडत राहिली, अक्का आली तर ती आधी मायला दिसावी म्हणून. चारही दिवस तिथंच झाडत होती. अंगण एवढं स्वच्छ कधी नव्हतं.

वाट बघण्यासारखं दमवणारं दुसरं काही नाही. रोज उठून तीच दहा रोपं. सर वहीत लिहायचे: काही नाही. परत दुसऱ्या दिवशी: काही नाही. मी म्हटलं, कंटाळा येत नाही का तुम्हाला? म्हणाले, ‘येतो ना. हे काम नव्वद टक्के कंटाळाच आहे.’ महिना उलटला आणि मावा सोडलेल्या एका रोपाच्या कोवळ्या पानावर फिकट पट्टा उठला. मग दुसऱ्यावर. पाचांतली चार गेली. माझी पाचही हिरवीगार, एकाला तर नवं पान सुटत होतं. प्रभाताई त्या दिवशी धुळ्याहून नुकतीच उतरली होती. हातातली पिशवी खाली न ठेवताच तिनं माझ्या कुंड्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, ‘बठ्ठं बराबर शे, माय.’ त्या रात्री मी जी झोपले ती दुसऱ्या दिवशी ऊन अंगावर आल्यावरच उठले.

सरांनी नानांना आणि गल्लीतल्या दहा जणांना ओट्यावर बसवून सगळं समजावलं. कुणाचा पाय लागून, हात लागून, सावली पडून हा रोग येत नाही. कुठल्याही दिवशी नाही. रोग वेलवर्गात राहतो, मावा तो केळीत नेतो. काकडी, डांगर, गिलकं बागेत नको, बागेजवळ नको. रोगट झाडं उपटून पुरायची. लोक उठून कुंड्या बघून गेले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सगळे गेल्यावर अक्का पुढे आली. माझ्या पाच कुंड्यांपुढे बराच वेळ उभी राहिली. मग सरांना म्हणाली, ‘मास्तर, पायगुन बी असा तपासता येतो का वं?’ अक्काचा नवरा लग्नानंतर सहा महिन्यांत गेला होता आणि सासरच्यांनी तिचा पायगुण म्हणून तिला परत पाठवलं होतं. सरांना ते ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी हातातली वही मिटून ठेवली. अक्का वाट बघून आत निघून गेली. तिच्या वाटणीच्या कुंड्या कुणी मांडल्या नव्हत्या.

आणि माय? माय दाराआडून ऐकत होती. नाना तिच्यापासून चार हातांवर उभे होते. मला म्हणाले, ‘शकू, तुह्या मायले सांग, उद्यापासून बागात ये म्हना.’ मी कुणाला सांगणार होते? ती तिथंच तर होती. तेवढंच त्यांचं माफी मागणं. आणि मग, जरा थांबून, ‘येल काढा लागतीन.’

त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं! मी इतकी माझ्या सुटकेत गुंतले होते की काय देऊन सुटले ते बघितलंच नाही. पान मी आणलं होतं. सरांना हाताला धरून मांडवाखाली मी नेलं होतं. दुसऱ्या दिवशी माय इतक्या दिवसांनी बागेत शिरली ती सरळ कोपऱ्यात गेली. मी मागोमाग गेले, तर म्हणाली, ‘तू राहू दे.’ गड्यालाही हात लावू दिला नाही. एकेक वेल मुळासकट ओढला, मांडव सोडला, बांबू नीट एकावर एक रचले. सर म्हणाले होते, बी ठेवा, पण बागेपासून लांब लावा. लांब म्हणजे कुठे? आमची सगळी जमीन केळीखाली होती. एका वाळलेल्या गिलक्यातलं बी तिनं बोदवडला मामाकडे पाठवलं. त्यानं लावलं की नाही, विचारायचा धीर मला झाला नाही. ते गिलकं न्हाणीत खिळ्याला टांगलेलं होतं, वर्षभरानं झिजून गेलं.

संध्याकाळी माय आणि प्रभाताई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या. माय काहीतरी बोलत होती, ताईनं चिठ्ठी काढून लिहून घेतलं, मग दोघींनीही वळून माझ्याकडे बघितलं. मी लांब होते. मला वाटलं, माझंच गाऱ्हाणं चाललंय. मी घरात निघून गेले. पुढे एकदा नानांनी बाजारातून गिलकी आणली. मायनं भाजी केली, पहिल्याच घासाला मी ताटावरून उठले. त्यानंतर मायनं ती भाजी कधी केली नाही. मी समजून गेले, तिच्या मनातून ते गेलेलं नाही. तिनं विषय काढला नाही, मीही नाही. असं करत करत माणसं म्हातारी होतात आणि मरतात.

बाग सावरली. पुढच्या वर्षी घड लागले, गावानं वेल काढले, कुणी कुणी नाही काढले, त्यांची बाग पुन्हा बसली. सरांचे आभार मानायला गावातून कुणी विद्यापीठात गेलं नाही. मी नर्स झाले. आयाबायांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगत गावोगाव फिरले. अर्धं आयुष्य सांगण्यात गेलं आणि अर्धं, सांगितलेलं कुणी ऐकलं नाही हे बघण्यात. पण ज्या पोरानं ते पाणी प्यालं ते जगलं, आणि त्या पाण्यात किती मीठ, किती साखर हे कुणी कुठे बसून ठरवलं ते त्याला कधीच कळणार नाही. कळायची गरजही नसते. खाल्लेल्या केळाला कोण विचारतं, तुझी राखण कुणी केली?

मागच्या महिन्यात माझ्या मामेबहिणीच्या मुलीनं मोबाईलवर एक पुस्तक पाठवलं. ती जळगावला कॉलेजात शिकवते. ‘मावशी, तुमच्याकडच्या बोलीचा कोश आहे, बघा तुम्हाला किती शब्द येतात.’ प्रभाताई जाऊन बरीच वर्षं झाली. तिचे खोके विद्यापीठात पडून होते, कुणा विद्यार्थ्यांनी त्या चिठ्ठ्या उतरवून घेतल्या. मी चष्मा लावून, नव्या भिंगाच्या डोळ्यानं, बोटानं वर सरकवत बसले. केय. डोया. पायगुन. प्रत्येक शब्दाखाली कुणाचं तरी वाक्य, नाव कुणाचंच नाही. मग ‘येल’ आला.

येल: वेल. ‘येल गेला तं जाऊ दे. माही पोर दोन महिने झोपली नव्हती, परवा झोपली.’ शेतकरी स्त्री, रावेर परिसर.

मी ते कितीदा वाचलं माहीत नाही. ताईनं देठासकट घेतलं होतं. ह्यांनी दारातून विचारलं, काय झालं, रडतेस का? मी म्हटलं, बाजारात चालला आहात ना, अर्धा किलो गिलकी आणा. कोवळी बघून.

हे पिशवी हातात घेऊन उभेच राहिले. ‘पण आपल्या घरात चालत नाही ना ती?’

‘चालते,’ मी म्हटलं. ‘मायनं सांगितलंय.’